उलथनं आणि तिसरं प्रकरण

९ जानेवारी

कुणाला सांगायचं नाही अशी अट आहे, आणि सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहत नाही, म्हणून ही वही. माझ्या नवऱ्याला, संदेशला, एसटी डेपोत दरवर्षी डायऱ्या मिळतात आणि त्या माळ्यावर पडून असतात. त्यातली एक झटकून घेतली.

चित्राताईंचा मेल आला. आमचं तत्त्वज्ञानाचं जे एक त्रैमासिक आहे, त्याच्या त्या संपादक. एक लेख आलाय, परीक्षण करून दे, लेखकाचं नाव झाकलंय, तुझंही नाव त्याला कळणार नाही. मराठीत नीतिशास्त्रावर लिहिणारी माणसं मोजून सात-आठ! एवढ्यात कसलं आलंय नाव झाकणं? एका खोलीत आंधळी कोशिंबीर खेळायची आणि हाताला लागेल त्याला 'कोण बाई तू?' असं विचारायचं.

पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. अकरा वर्षं डोंबिवलीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतेय. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढा वेळ मी प्राध्यापक, उरलेला वेळ मी कोण, ते कॉलेजला माहीत नाही. आज कुणीतरी 'परीक्षक' म्हणालं. संदेशला नुसतं सांगितलं, की एक काम आलंय. तो म्हणाला, "फुकटचं असणार." आता हा माणूस खोपटच्या डेपोत बसून माझं शास्त्र कसं ओळखतो, देव जाणे.

१० जानेवारी

वाचला लेख. दोनदा वाचला.

चौथ्या पानावर दिवा स्टेशनजवळची एक इमारत येते. पाण्याची वेळ ठरलेली नाही, कधी पहाटे येतं, कधी भर दुपारी. तळमजल्यावर विनिता नावाची बाई राहते. पाइपात हवा खरखरली की तिला पहिलं कळतं. ती उलथनं घेऊन जिन्याचा लोखंडी कठडा बडवते, आणि चारी मजल्यांवरची माणसं उठून पिंपं भरतात. तिने हे करीन असं कुणाला वचन दिलेलं नाही, कुणी मागितलेलंही नाही. पण एखाद दिवशी तिने कठडा वाजवला नाही तर लोक नुसते हळहळत नाहीत, त्यांना आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं. म्हणजे वचनाशिवायही कर्तव्य तयार होतं ते असं, दुसऱ्याच्या भरवशातून.

हे माझं आहे! माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. विनिता हे नाव मी ठेवलंय, माझ्या मामेबहिणीचं. उलथनं माझं, कठडा माझा. वाक्यंच्या वाक्यं माझी, फक्त प्रत्येक परिच्छेदाच्या आधी 'वस्तुतः' चिकटवलंय. 'वस्तुतः' म्हणजे आमचे मधु सर. डॉ. मधु टिपणीस, विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक. प्रकरण दिवाळीत त्यांच्याकडे दिलेलं. म्हणाले होते, "ठेवून जा. बघतो."

बघितलं म्हणायचं.

आता माझी गोची बघा. लेख पास केला तर तो छापून येणार, आणि त्याच्यामागून माझा प्रबंध जाणार. मग चोर कोण? मी. नापास केला तर सरांना मिनिटात कळणार की हे आसावरीचं काम. आणि त्यांच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. माझ्या नोंदणीची शेवटची मुदतवाढ ३१ मार्चला संपतेय. त्यानंतर नोंदणी रद्द. सर मे महिन्यात रिटायर होतात, त्यांची जागा भरायला परवानगी आलीय, आणि पीएच.डी. नसेल तर मला तिथे कुत्रंही विचारणार नाही.

सरळ 'दोघांची नावं टाकू' म्हणाले असते तर मी हूं की चूं केलं नसतं. त्यांचं नाव पहिलं टाकलं असतं, तशी पद्धतच आहे. पण आख्खंच? अकरा वर्षांत मला स्वतःचं असं एकच उदाहरण सुचलं, बसल्या बसल्या, कोपरीतल्या घराच्या या खिडकीत. तेवढंच होतं माझ्याकडे.

रडू आलं. संदेशला म्हटलं कांदा चिरत होते.

१४ जानेवारी

संक्रांतीचा फोन म्हणून उचलला तर अक्षदा. सातेक वर्षांपूर्वीची माझी विद्यार्थिनी, तिसऱ्या वर्षाला तत्त्वज्ञान घेणाऱ्या चौघांतली एक. दिव्याहून यायची आणि पहिल्या तासाला नेमकी उशिरा. कारण ठरलेलं, "मॅडम, पाणी आलेलं, आईसोबत जिन्यात होते." वर्गात सगळे हसायचे. आता ठाण्यात एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. एवढ्या वर्षांनी तिला एम. ए. करायचंय, तेही तत्त्वज्ञानात, बेंगळुरूला. राहायची सोय आणि शिष्यवृत्ती आहे म्हणे. त्यासाठी शिफारसपत्र हवंय, ५ एप्रिलच्या आत.

मी म्हटलं, "तूच लिहून आण, मी सही करते." सर मला हेच सांगायचे. कोण बसून लिहितं एकेकाचं!

पोरगी जिद्दीची आहे. तिळगूळ घ्या म्हणाली फोनवर.

२३ जानेवारी

ठरलं. काहीच करायचं नाही. लेखावर बसून राहायचं. परीक्षक काय, वर्षवर्ष लेख दाबून ठेवतात, मी तर फक्त मार्चअखेरपर्यंत म्हणतेय. तोवर सरांची सही घ्यायची, प्रबंध जमा करायचा, तारखेचा शिक्का पडला की मी सुटले. मग लेखाचं काय व्हायचं ते होवो. हे नीतिशास्त्रात बसत नाही हे मला कळतं. मीच शिकवते ते.

चित्राताईंना लिहिलं, कॉलेजात मूल्यांकन समितीची तयारी चालू आहे, थोडा वेळ द्या. ते खोटं नाही. गेल्या आठवड्यात मी 'विद्यार्थ्यांचे अभिप्राय' तयार केले, स्वतःच, चार वेगवेगळ्या पेनांनी.

४ फेब्रुवारी

सरांचा फोन. प्रकरणाचं विचारणार तेवढ्यात त्यांनीच विषय काढला.

"अगं, एक लेख पाठवला आहे मी एके ठिकाणी. महिना होत आला, परीक्षक बसला आहे त्यावर, कोंबडी बसते तसा. तुला काय वाटतं, आसावरी, का बसत असेल माणूस?"

म्हटलं, "वेळ नसेल सर."

"वेळ नसेल. हं." मग म्हणाले, "मलाही तुझ्या तिसऱ्या प्रकरणाला वेळ होत नाही बघ."

आवाज थकलेला वाटला. निवृत्ती जवळ आली की माणूस खचतो. चोर आहेत, पण वाईट वाटलं बिचाऱ्यांचं.

१८ फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये गाठलं. प्रबंध तपासल्याच्या प्रमाणपत्राचा कागद पुढे केला, फक्त सही हवी म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "घाई कसली? माझा तो लेख एकदा मार्गी लागला की मी मोकळा. मग तुझंच करायचं आहे." आणि पाठीवर थोपटलं. "माझी खुर्ची तुझीच आहे, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे."

म्हणजे झालंय काय, की लेख अडकल्यामुळे त्यांचं कशात लक्ष लागत नाही, म्हणून प्रबंध अडकलाय. आणि लेख अडकवलाय मी. माझ्याच पायावर मी धोंडा पाडून घेतेय.

चित्राताईंचं दुसरं स्मरणपत्र आलं. उत्तर दिलं नाही.

२१ फेब्रुवारी

अक्षदा कॉलेजात आलेली. पत्र टाइप करून आणलेलं, साधं, 'प्रामाणिक व कष्टाळू' वगैरे. मी उभ्याउभ्या सही ठोकली. सोबत एक लिफाफा दिला. "मॅडम, लेखनाचा नमुना पाठवायचाय. तुम्ही एकदा बघाल का? जुनाच आहे."

म्हटलं, "ठेवून जा, बघते." लिफाफा बॅगेत टाकला. उद्या दोन तास आहेत, ते संपले की सरांच्या दारात उभं राहायचंय. माझंच मला झालंय थोडं, त्यात हिचा नमुना कुठे बघू?

जाताना म्हणाली, "आईने तुम्हाला घरी बोलवलंय. तुमच्या वर्गाचं मी तिला सगळं सांगायची." मी म्हटलं येईन येईन. असं म्हणायचं असतं.

३ मार्च

आज संदेशला सगळं सांगून टाकलं. गेली गुप्तता चुलीत. दोन महिने एकटीच्या डोक्यात ठेवून वेड लागायची पाळी आली होती.

त्याने पोहे संपवले, मग म्हणाला, "म्हणजे तू त्यांच्या गाडीसमोर गाडी लावलीस, आणि त्यांनी तुझ्या."

"त्यांनी कुठे लावली? त्यांना माहीतच नाही मी आहे ते."

माझ्याकडे असा बघत बसला, जणू मी काहीतरी सांडलंय. "अगं, तुम्ही पुस्तकं वाचणारी माणसं एवढी भोळी कशी? ते तुला फोन करून का विचारतात मग? मला नाही विचारत ते, की बाबा रे, परीक्षक का बसला असेल?"

मी म्हटलं, सर तसे नाहीत. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, "अशा वेळी आमच्याकडे साधा हिशोब असतो. ज्याची ड्युटी आधी संपते तो रिव्हर्स घेतो. त्यांची मेमध्ये संपतेय. तुझी ३१ मार्चला."

खूप राग आला त्याचा. अजून आहे.

८ मार्च

महिला दिन. कॉलेजने गुलाब दिला. मी घरी येऊन परीक्षणाचा फॉर्म उघडला आणि भरला. 'विषयाची मांडणी मौलिक. उदाहरण स्थानिक व ताजे. प्रकाशनयोग्य.' माझंच कौतुक मी दुसऱ्याच्या नावाखाली लिहिलं. मग कंप्युटरसमोर बसून राहिले. पाठवलं नाही, खोडलंही नाही.

रिव्हर्स घ्यायला पण धाडस लागतं.

१४ मार्च

अक्षदाचा मेसेज: 'मॅडम सॉरी, ते म्हणतात तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचं पत्र चालत नाही. परमनंट किंवा एचओडी पाहिजेत. मधु सरांचं मिळेल का? तुम्ही सांगितलं तर देतील.'

दहादा वाचला. तिने खाली हात जोडलेलं चित्रही टाकलंय. तिची काहीच चूक नाही. अकरा वर्षं शिकवून माझी सही रद्दी आहे, हे मला माहीत होतं, पण विद्यार्थिनीने असं सॉरी म्हणून सांगावं! स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले दोन भांडी.

लिहिलं, 'बघते.'

१५ मार्च

सरांना द्यायला कागद लावून ठेवावेत म्हणून तिचा लिफाफा उघडला.

तिसऱ्या वर्षाच्या गृहपाठाचे दोन फुलस्केप, निळ्या पेनचे, कडा पिवळ्या झालेल्या. विषय: वचन आणि कर्तव्य. पहिल्या पानावर लिहिलंय, 'आमच्या बिल्डिंगमध्ये पाण्याला टाइम नाही. आम्ही तळमजल्याला आहोत. पाइप वाजला की माझी आई रतन, उलथनं घेऊन जिन्याचा कठडा वाजवते. तिने कोणाला प्रॉमिस केलेलं नाही.'

समासात लाल पेनने माझं अक्षर: 'छान. स्वतःचे उदाहरण!'

सुचलं म्हणे मला. बसल्या बसल्या, खिडकीत. मला शपथेवर विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं, आणि मला ते खरंच वाटत होतं. पोरगी वर्षभर सांगत होती, आईसोबत जिन्यात होते, आईसोबत जिन्यात होते. मी हजेरीत उशिराची खूण करत होते.

पण खरं पुढेच आहे. दुसऱ्या पानावर ती लिहिते: 'पण एकदा आईला ताप होता. शेजारच्या पिंकीच्या मम्मीने कठडा वाजवला. सगळ्यांनी पाणी भरलं. आमचं दार कोणीच वाजवलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं हिला तर कळतंच. आमचं पिंप त्या दिवशी कोरडं राहिलं. म्हणजे आईवर सगळ्यांचा हक्क झाला, पण आईचा कोणावर झाला नाही. मग हे कर्तव्य आहे की फक्त सवय लावून घेतलेली आहे, ते मला कळत नाही.'

या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ आहे. आणि माझ्याच अक्षरात: 'विषयांतर.'

माझं आख्खं तिसरं प्रकरण पहिल्या पानावर उभं आहे. हे दुसरं पान ते पाडतं. वीस वर्षांच्या मुलीने दोन पानांत पाडलं होतं, आणि मी रेघ मारून पुढच्या पेपरकडे वळले.

चोर, चोर म्हणून दोन महिने ही वही भरतेय मी.

१७ मार्च

सरांचं उदाहरण सरांचं नाही याचा पुरावा माझ्या हातात आहे, तारखेसकट. आणि तोच पुरावा सांगतो, की ते माझंही नाही. देवाला विनोद करायला आमचाच विषय सापडावा?

लिफाफा माळ्यावर टाकता येईल. अक्षदाला म्हणता येईल, दुसरा नमुना पाठव. तिच्या कधी लक्षातही येणार नाही, प्रबंध कोण वाचतं? खुद्द परीक्षक वाचत नाहीत. हे मी आज दिवसभर मनात घोळवत होते. शिकवताना, भाजी घेताना. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला मी थोर वाटायला नको.

१९ मार्च

चित्राताईंना फोन केला. पहिल्या दिवशी करायला हवा होता तो. सांगितलं, की हा लेख मी तपासू शकत नाही, त्यात माझं प्रकरण आहे, आणि माझ्या प्रकरणात माझ्या विद्यार्थिनीचा गृहपाठ आहे.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आसावरी, मी तुला का पाठवला माहीत आहे? आमच्याकडे लेखकाला दोन परीक्षकांची नावं सुचवता येतात. मधूने एकच सुचवलं होतं. तुझं. म्हणाला, ती व्यवस्थित करेल."

फोन ठेवून मी या वहीतलं ४ फेब्रुवारीचं पान काढलं.

म्हणजे कोंबडी कोण बसलीय ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो फोन, ते 'हं', तो चष्मा पुसणं, सगळं. आणि मी इथे लिहिलंय, बिचारे थकलेत! संदेशला सांगितलं. माझं ताट वाढून दिलं त्याने. आयतं तोंडाशी आणून दिल्यावर मला जास्तच रडू आलं.

चित्राताई म्हणाल्या, "मी लेख थांबवते. पण हे सगळं मला तुझ्या नावानिशी लिहून दे. झाकून नको." दिलं लिहून.

२६ मार्च

तिसऱ्या प्रकरणात अक्षदाचं नाव घातलं, आईचं घातलं, दुसरं पान जसंच्या तसं घातलं. आता प्रकरणाचा शेवट आधीशी जुळत नाही. मधोमध दोन पायऱ्या गायब आहेत असं वाटतं. पाच दिवसांत याहून जास्त होत नाही माझ्याने.

अक्षदासाठी सरांच्या नावाचं पत्रही लिहिलं. ते मात्र सुरेख झालंय. 'प्रामाणिक व कष्टाळू' एकदाही नाही.

३१ मार्च

हे सरांच्या घरी, हॉलमध्ये बसून लिहितेय. साडेबारा वाजलेत. प्रमाणपत्र पाचपर्यंत विद्यापीठाच्या पोर्टलवर चढवायचंय.

साडेदहाला मी आले. दोन कागद समोर ठेवले, एक प्रमाणपत्र, एक अक्षदाचं पत्र, त्यासोबत तिची दोन पानं आणि माझं नवं तिसरं प्रकरण. सरांनी ढीग बघितला. "चित्राने कळवलं मला," म्हणाले. राग नाही, काही नाही. मग नेहमीचं, "ठेवून जा. बघतो."

अकरा वर्षं मी यावर 'बरं सर' म्हणून चपला घातल्यात. आज तोंडातून निघालं, "नाही सर. मी बसते."

"बसतेस?"

"हो. तुम्ही वाचा. मी बसलेय."

त्यांना काय करावं कळेना. आत गेले, बाहेर आले, पंखा लावला. मग बसले आणि वाचायला घेतलं. मीही वही काढली. आम्ही दोघं समोरासमोर, परीक्षेला बसल्यासारखे.

आधी वाचलं ते मी त्यांच्या नावाने लिहिलेलं पत्र. त्यात स्पष्ट लिहिलंय, की माझ्या, म्हणजे सरांच्या, लेखातलं आणि माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधातलं मुख्य उदाहरण मुळात कु. अक्षदा हिचं असून ते तिने पदवीच्या तिसऱ्या वर्षी मांडलं होतं. तिथे थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. मग पहिलं पान. मग दुसरं. ते परत पहिल्यापासून. पेन्सिल शोधली. मी ओळखते त्यांना, पेन्सिल घेतली की सर खरं वाचतायत. असे मी त्यांना सात-आठ वर्षांत बघितलेले नाहीत. याच माणसामुळे मी हा विषय घेतला होता.

"ही रेघ कुणी मारली?"

"मी."

"विषयांतर?"

"हो सर."

पेन्सिल खाली ठेवली. "मीही मारली असती," म्हणाले.

आता आत गेलेत, पेन आणायला की काय, माहीत नाही.

(घरी, संध्याकाळी)

पेनच आणलं. अक्षदाच्या पत्रावर सही केली, खाली पदनाम लिहिलं, विभागाचा शिक्का त्यांच्याकडे घरीच असतो तो मारला. सावकाश, रेषा न हलू देता.

मग माझं प्रमाणपत्र घेतलं. नवं तिसरं प्रकरण चाळलं, शेवटपर्यंत. "आसावरी, हे दुसरं पान खरं असेल तर तुझं प्रकरण उभं राहत नाही. चौथंही नाही. नव्याने लिहावं लागेल. मी यावर 'तपासले, योग्य आहे' अशी सही कशी करू?"

मी म्हटलं, "आणि ते पान काढलं तर?"

"तर आत्ता करतो," म्हणाले.

घड्याळात एक वाजला होता. चार तास होते. पान काढायला एक मिनिट लागलं असतं. मी म्हटलं, राहू दे सर.

त्यांचं खरं होतं की सोयीचं, मला अजून कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही. आपल्या लेखाचं त्यांनी अवाक्षर काढलं नाही. दारापर्यंत सोडायला आले, तेही पहिल्यांदाच.

पाच वाजले तेव्हा मी कोपरीत भाजीच्या गाडीवर होते. नोंदणी रद्द झाली, आणि मी मेथीची जुडी निवडून घेत होते. घरी येऊन संदेशला म्हटलं, घेतला रिव्हर्स. तो म्हणाला, "गाडी शाबूत आहे ना?" माहीत नाही म्हटलं. छातीत दुखेल एवढं रडले मग.

३ एप्रिल

दिव्याला जाऊन आले. पत्र पोस्टाने कशाला, म्हटलं, 'येईन येईन' एकदा खरं करू.

तळमजल्यावरच घर. रतनताई, म्हणजे अक्षदाची आई, गुडघ्याला पट्टा बांधून बसलेल्या. अक्षदाने पत्र वाचलं आणि हात तोंडावर ठेवला. मी तिला सगळं सांगितलं, खिडकीपासून लाल रेघेपर्यंत. माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही छान लिहिलं होतं ना त्यावर, म्हणून तर मी तो कागद एवढी वर्षं जपला." मला वर बघवेना.

रतनताईंना प्रबंध वगैरे काही घेणं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मला पुस्तकात टाकून काय करणार होता तुम्ही?"

म्हटलं, "तुम्ही का वाजवता, ते सांगणार होते."

"अवो, का म्हणजे? पहिल्या दिवशी वाजवला ना, तीच चूक झाली." आणि खो खो हसल्या.

चहा संपत आलेला, तेवढ्यात पाइप खरखरला. दुपारचे तीन. रतनताई उठायला गेल्या आणि गुडघा धरून परत बसल्या. अक्षदा पिंपाखालचा विटेचा टेकू नीट करत होती. रतनताईंनी भिंतीवरचं उलथनं काढून माझ्या हातात दिलं. "मॅडम, चौथ्या मजल्यापर्यंत गेलं पायजे हां."

मी जिन्यात जाऊन कठडा वाजवला. पहिल्यांदा हळू, मग दणादण. वरून दारं उघडली, कळशा आपटल्या, कुणीतरी ओरडलं, "आज कोण गं? रतनताई कुठाय?"

मी धावत आत आले आणि सामाईक नळाची नळी आधी त्यांच्या पिंपात सोडली. पिंप काठोकाठ भरेपर्यंत तिथेच उभी राहिले. वरच्या बायका आल्या, कुरकुरल्या. मी म्हटलं, आधी यांचं.

निघताना उलथनं खुंटीला लावलं. रतनताई म्हणाल्या, "वाजवलंत ना? आता सुटका नाय तुमची. उद्या पाणी आलं की विचारतील, त्या मॅडम कुठं गेल्या म्हणून."